आवाज कसा आला?

मला धक्का बसायला फार काही लागत नाही. आई म्हणते, "तुला पाल दिसली तरी धक्का, नि पगार झाला तरी धक्का." माझं तोंड उघडं राहतं, डोळे मोठे होतात आणि हात आपोआप छातीवर जातो. पत्त्यांच्या डावात मला कुणी भिडू घ्यायला तयार नसतं, कारण माझ्या हातात काय आहे ते समोरच्याला माझ्या तोंडावर वाचता येतं. अशा बाईच्या नशिबी सरांच्या गाडीतून रोज कामावर जाणं यावं, याला काय म्हणायचं?

सर म्हणजे आमच्या लॅबमधले सगळ्यांत जुने केमिस्ट. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली होते. ते मूळचे केळवे-माहीमकडचे. गावी पानवेलींची आणि केळींची वाडी, राहायला मात्र पालघर. मीही पालघरला एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचे. सकाळी सर मला आणि स्टोअरमधल्या संखेंना गाडीत घेत. संखे बसल्या बसल्या झोपत ते कारखान्याच्या गेटवर जागे होत. त्यामुळे सरांचं बोलणं ऐकायला उरायचे मी एकटीच.

पहिला धक्का मला कामावर लागल्यानंतर लवकरच बसला. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गेले तर सरांच्या गाडीचं दार उघडं, दाराचं आतलं कव्हर निघून जमिनीवर पडलेलं, आणि लॅबचा पांढरा कोट घातलेले सर दाराच्या सांगाड्यात डोकं घालून बसलेले. नारळवाला नारळ वाजवून बघतो तसे ते दाराच्या पत्र्यावर बोटाने टकटक करत होते.

"ऐकलंस? डबा वाजतोय नुसता," ते आतूनच म्हणाले. "डब्यातून कुणी बोललं तर त्याचं खरं कोण मानणार?"

एवढा मोठा माणूस, भर उन्हात, गाडीच्या दारात. मी हात छातीवर ठेवून उभी राहिले. मग त्यांनी कसलातरी काळा, जाड, चिकट कागद पत्र्यावर आतून लावला, लाटण्याने दाबून बसवला आणि पुन्हा टकटक केलं. लाटणं घरचं होतं. त्याला पीठ लागलेलं मी पाहिलं.

सरांची गाडी साधी, लहान. तिच्यात कंपनीने बसवून दिलेला स्टिरिओही साधाच, चार बटणांचा. सरांना गाडीतला आवाज चांगला हवा होता, पण स्टिरिओ बदलायचा नव्हता. बोईसरच्या नाक्यावर गाड्यांचं सामान बसवणारं एक दुकान होतं. तिथला कारागीर त्यांना दर खेपेला हात जोडायचा.

"अंकल, सीधा बडा टचस्क्रीन लगवा लो ना. सब झंझट खतम."

"नहीं. वो नहीं निकालने का."

"अंकल, उसमें दम ही नहीं है. आवाज आएगा कहाँ से?"

"दम नहीं है तो ऐसा स्पीकर दे जो कम दम में बोलता है. माणूस बदलायचा नाही, त्याला बोलायला जागा करून द्यायची." उत्तरार्ध मराठीत आणि माझ्याकडे बघून असायचा. कारागिराला तो कळत नसे, मलाही फारसा नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोकं कंपनीचं राहू दे, घसा आपला हवा." गाडी बनवणाऱ्याने स्टिरिओ बसवला तो विचार करून, स्टिअरिंगवरच्या बटणांशी त्याचं नातं जुळवून, तो उपटला की डॅशबोर्डचं तोंड वाकडं होतं, असं त्यांचं म्हणणं. स्पीकरचं मात्र तसं नाही. स्पीकर हा गाडी बनवणाऱ्याने जिथे हात आखडता घेतला तो कोपरा. म्हणून ते कोपरेच तेवढे बदलत. आधी पुढच्या दारांतले, मग मागचे, मग सीटखाली आवाजाला जोर देणारा एक लहानसा डबा. एकही तार कापायची नाही, सगळं जोडपट्ट्यांनी जोडायचं, उद्या काढलं तर गाडी जशी आली तशी दिसली पाहिजे. स्टिरिओला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा नुसतं बोट पुढे नेलं, तर त्यांनी वर्गातल्या पोरीला दटावावं तशी तर्जनी हलवली. तेव्हापासून मी हात मांडीवर ठेवून बसायचे.

आता एवढं सगळं केल्यावर माणूस गाणी ऐकेल की नाही? सर गाणी ऐकत नसत. हा माझा दुसरा धक्का. नवे स्पीकर बसवले त्या सकाळी त्यांनी काहीतरी लावलं आणि गाडीत एकदम बायकांचा कल्ला उसळला. मी दचकून मागे पाहिलं, मागे संखे घोरत होते. तो सातपाटीच्या बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचा आवाज होता. सरांनी स्वतः जाऊन फोनवर भरून आणला होता.

"वीस बायका एकदम बोलतायत," सर म्हणाले. "त्यातली एकेक वेगळी ऐकू आली तर स्पीकर चांगला. गाण्याचं काय, गाणं कशातूनही बरंच वाटतं."

आणि मग तो प्रश्न यायचा, "आवाज कसा आला?"

"छान," मी म्हणायचे.

"छान म्हणजे काय? काय ऐकू आलं ते सांग."

"बायका भांडतायत."

"कशावरून?"

मला कळलेलं नसायचं. सर नाराज व्हायचे आणि बोईसरपर्यंत तोच लिलाव पुन्हा पुन्हा लावायचे. सरांच्या बायकोने मला एकदा त्यांच्या घरी पोहे देताना सांगितलं, "गाडीच्या दाराला एवढी माया करतात, स्वयंपाकघराचं दार दोन वर्षं करकरतंय, त्याला तेलाचा थेंब नाय." हे ऐकून सर म्हणाले, "ते दार जे बोलतं ते मला स्पष्ट ऐकू येतं."

सरांच्या या बाईंच्याच फोनवरून एकदा मजा झाली होती. पालघर सोडलं की उमरोळीच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. सर तिथे गाडी थांबवत, आमच्यासाठी एसी चालू ठेवून चहा आणायला उतरत. एके दिवशी उतरता उतरता त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि चालायला लागले. इकडे गाडीत स्टिरिओमधून आवाज सुरू झाला, "खर्र... खर्र... पापलेट... खर्र... तुमच्या आईला... खर्र." बाहेर सर "हॅलो, हॅलो" करून ओरडतायत, त्यांना काही ऐकू येत नाही आणि बाईंनाही त्यांचं ऐकू येत नाही. फोन ब्लूटूथने गाडीला जोडलेला होता, त्यामुळे बोलणं सगळं गाडीत येत होतं. शेवटी सर परत आले, त्यांनी काचेतून आत कान दिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मी बाहेर आणि आवाज आत!" ते म्हणाले. "गाडी सुरू आहे तोवर फोन गाडीचा, मी नुसता हातात धरून उभा! काय ऐकू आलं?"

"पापलेट," मी म्हटलं.

"बस? एवढंच?"

दुसऱ्या कुणाला बायकोचं बोलणं लोकांनी ऐकलं याची लाज वाटली असती. यांना वाईट वाटलं ते फक्त पापलेट ऐकू आलं याचं. नव्या स्टिरिओत ही खोड नसते, असं कारागिराने सांगितलं तेव्हाही त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "खोड त्याची राहू दे."

माशांचं त्यांना वेडच होतं. माझं गाव खाडीकाठी, आमच्या कारखान्यापासून फार लांब नाही. आई गावाहून रिक्षाने बोईसरच्या बाजारात मासळी विकायला येते. टोपली वाहून तिने मला बीएस्सीपर्यंत शिकवलं, आणि आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मी पहिलीच. ही नोकरी माझ्यासाठी काय होती, ते यावरून समजावं. सर आठवड्यातून एकदा कामावर जाताना बाजारात गाडी थांबवत आणि माझ्या आईकडूनच मासळी घेत. मला संकोच वाटायचा, बरंही वाटायचं. आई त्यांना पिशवी भरून द्यायची, वर बर्फ, वर कागद. आणि हा माणूस, जो गाडीत बिस्किटाचा चुरा सांडू देत नसे, ती टपकणारी पिशवी गाडीतून थेट लॅबमध्ये नेऊन नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायचा! लॅबच्या फ्रीजमध्ये बोंबील! मी तर खुर्चीवरून उठलेच होते. संपूर्ण लॅब ओरडायची. मिश्राजी, आमचे फॅक्टरी मॅनेजर, हिंदीत बोलत पण मराठी सगळं समजत, आणि शाकाहारी होते. ते त्या दिवशी लॅबच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून परत जात.

मग तो पावसाळ्यानंतरचा महिना आला. माझ्या गावची पाच-पन्नास माणसं एक दिवस कारखान्याच्या गेटवर आली. नाल्यात घाण सोडता, विहीर नासली, असं लोक नेहमीच म्हणतात. पण ही माणसं रसायनांची नावं घेऊन बोलत होती. ती नावं आमच्या लॅबच्या बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मिश्राजी आत आले ते लाल होऊन. कुणीतरी आतलं माणूस गावाला सांगतंय, तो घरभेदी मी शोधणार आणि काढून टाकणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. आणि मग सगळ्या लॅबने माझ्याकडे पाहिलं. गाव माझं होतं ना.

मी शपथ घेऊन सांगते, मला काही ठाऊक नव्हतं. माझ्या टेबलावर त्या नाल्याचं पाणी कधी आलंच नव्हतं. घरी सुट्टीला गेले की प्यायला विकतच्या पाण्याचा जार दिसायचा, पण आई म्हणाली होती की विहीर उपसायला काढलीय, आणि मी ते मान्य केलं होतं. मिश्राजींना मी हे सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यावरही वरून दाब होता. दुसऱ्या दिवसापासून गेटवर माझी तपासणी सुरू झाली. मी बाटलीतून नमुने आत-बाहेर करते असा संशय. वॉचमन रोज सगळ्यांसमोर माझी बॅग उघडायचा, डब्याचं झाकण काढायचा, भाजीत चमचा फिरवून बघायचा. मागे रांगेतले लोक वाट बघत उभे. मला रडू यायचं आणि ते तोंडावर दिसायचं, आणि वॉचमनला वाटायचं की काहीतरी लपवतेय. शेवटी मिश्राजींनी बोलावून सांगितलं, सोमवारी केबिनमध्ये ये. खरं काय ते कबूल कर नाहीतर राजीनामा दे.

मी सगळं सरांना गाडीत सांगितलं. सांगताना हुंदके येत होते. सर ऐकून घेत होते. मग सिग्नलशी थांबल्यावर म्हणाले, "मधला आवाज कच्चा आहे गं."

"काय?"

"स्पीकरचा. खालचा घुमतो, वरचा चरचरतो. मधला कच्चा. माणूस बोलतो तो मधे. बायका बोलतात त्या मधे आणि जरा वर. तो बसवून घेतला पाहिजे."

माझी नोकरी चाललीय आणि या माणसाला स्पीकरचं पडलंय! मला एवढा राग आला की मी तोंड खिडकीकडे फिरवलं. आमच्या बोईसरमध्ये रासायनिक वास नाकात शिरतो तसा राग माझ्या डोक्यात शिरला होता. त्याच दुपारी मी सरांना मिश्राजींच्या केबिनमध्ये जाताना पाहिलं. वाटलं, माझ्यासाठी बोलायला गेले. थोड्या वेळात आतून मिश्राजींच्या हसण्याचा आवाज आला. मोठ्याने, पोट धरून हसल्यासारखा. सर बाहेर आले ते चष्मा पुसत.

"काय झालं?" मी विचारलं.

"हसला."

"कशाला?"

"मी खरं सांगितलं की लोक हसतात," असं म्हणून ते आपल्या टेबलाशी गेले. मला वाटलं, तिथेही स्पीकरचंच काढलं असेल.

रविवारी त्यांनी बोईसरला जाऊन दारांत पुढे, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, नवे स्पीकर बसवून घेतले. स्टिरिओ तोच. सोमवारी सकाळी मी खाली उतरले तर गाडीत मागच्या सीटवर, संखेंच्या शेजारी, मिश्राजी बसलेले. मिश्राजींची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि सरांनी त्यांना आग्रह करून घेतलं होतं, नवे स्पीकर ऐकायला म्हणून. मॅनेजर पुढे बसायला हवेत म्हणून मी मागचं दार उघडायला गेले.

"तू पुढे," सर म्हणाले. "मिश्राजी, आप पीछेही ठीक हो. पीछे आवाज अच्छा आता है."

मिश्राजी हसले. संखे एव्हाना झोपले होते. उमरोळीपर्यंत आम्ही सातपाटीचा लिलाव ऐकला. मिश्राजी मधेच म्हणाले, "सर, गाना-वाना कुछ नहीं?" सरांनी आवाज जरा वाढवला. टपरीशी त्यांनी गाडी थांबवली, एसी चालू ठेवला, फोन खिशातून काढून हातात घेतला आणि उतरले. चहावाल्यापाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून.

आणि स्टिरिओमधून आवाज आला.

"हॅलो, भाऊ? मी बोलते हाय. मासलीवाली."

माझी आई होती. खर्र नाही, काही नाही. माझ्या गुडघ्यापाशी बसून बोलावी इतकी स्पष्ट. तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. मागे कोंबडं आरवलं ते आमचंच, हेही मला कळलं.

"तुमी बोलला नाय तरी चालंल, मी बोलते. भाऊ, तुमी सांगल्यापासून त्या विहिरीचं पानी आमी तोंडाला लावलं नाय. सगल्या आलीत घरोघर जार येतो. पन कपडे धुवायचे तर चालंल का? पोरांच्या अंगाला खाज उठते हाय. नि बाटली मी आता आनत नाय, तुमीच नको म्हनलाव म्हनून."

मागे मिश्राजी सरळ होऊन बसल्याचं मला सीटच्या आवाजावरून समजलं. माझा हात उठला. स्टिरिओवर फोन बंद करायचं लाल बटण होतं, बोटभर अंतरावर. ते दाबलं की आईचा आवाज बंद झाला असता आणि सर वाचले असते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी समोर पाहिलं. काचेपलीकडे सर फोन कानाला न लावता नुसता हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून तर्जनी हलवली. नेहमीसारखीच. हात लावायचा नाही.

मी हात मागे घेतला.

"नि भाऊ, माझ्या पोरीचं नाव घेतात म्हने. तिला काडनार. तिला कायच ठावं नाय हो! तुमीच म्हनला होताव, तिला सांगू नको, तिच्या तोंडावर सगलं दिसतं. म्या नाय सांगला. जार का येतो त म्हनलं विहीर उपसायला काडलीय. बाटली मी दिली, तपासली तुमी. तिचा काय संबंध? तुमी सायबाला सांगा ना भाऊ!"

मग आई रडायला लागली. रडतानाचा तिचा श्वास ऐकू येत होता. मी वळून मागे पाहिलं. माझं तोंड उघडं होतं, हात छातीवर होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आईने मला फसवलं होतं. सरांनी मला फसवलं होतं. मला दोघांचा भयंकर राग आला होता आणि दोघांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. मिश्राजी माझ्याकडेच बघत होते. बराच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनीच मान खाली घातली.

पुढचं सगळं मला आईकडून नंतर कळलं. मासळीच्या पिशवीत बर्फाखाली पाण्याची बाटली असायची. गेटवर त्या वासाच्या पिशवीला कुणी हात लावत नसे आणि लॅबच्या फ्रीजमध्ये ती कागदात गुंडाळलेली राहायची. सगळे घरी गेले की सर ती तपासत आणि पुढच्या आठवड्यात मासळी घेताना आईला तोंडी सांगत. माझ्यावर संशय आला तेव्हा ते केबिनमध्ये जाऊन मिश्राजींना म्हणाले, मीच तो. मिश्राजी हसले. आप तो स्पीकर में डूबे हुए आदमी हो, बेटी जैसी है इसलिए बचा रहे हो, म्हणाले. म्हणून सरांनी आईला सांगून ठेवलं होतं की सोमवारी मी मिस कॉल दिला की फोन कर, माझं उत्तर आलं नाही तरी थांबू नको, मनात असेल ते सगळं बोल. आई म्हणाली, "माझ्या मनात होतं तेच बोललू. नाटक मला कुठं येतं?" मला आधी सांगितलं असतं तर माझ्या तोंडावर ते मागच्या सीटवरून दिसलं असतं. माझं तोंडच त्यांना पुरावा म्हणून हवं होतं.

सरांची नोकरी गेली. निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. आता ते माहीमच्या वाडीत पानं खुडतात, आणि ती गाडी त्याच स्टिरिओसकट अजून आहे. आमच्या गावच्या विहिरीला कुलूप लागलं आणि गावात नळाच्या पाण्याची पाइपलाइन आली. मी पुढे दुसऱ्या कंपनीत गेले. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी सर चार चहा घेऊन परत आले. मिश्राजींना दिला, मला दिला, संखेंना हलवून दिला. संखे जागेच होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी पट्टा लावला, चष्मा पुसला आणि आरशातून मागे पाहिलं.

"आवाज कैसा आया, मिश्राजी?"

मिश्राजींनी चहाचा कप गुडघ्यावर टेकवला.

"अच्छा आया, बुरा आया, ऐसा नहीं. क्या सुनाई दिया वो बोलो."

"सब सुनाई दिया, सर," मिश्राजी अगदी हळू म्हणाले.

"शब्द?"

"एक-एक."

सरांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. मला वाटतं, ते निम्मं स्पीकरचंही असावं.

"तो फिर गेट पे इसका डब्बा मत खोलो," असं म्हणून त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली.

गेटवर आम्ही उतरलो. वॉचमनने सवयीने माझ्या बॅगेकडे हात केला. मिश्राजी म्हणाले, "मैडम को जाने दो." मग सरांकडे वळले. "सर का बैग देखो," ते म्हणाले.

वॉचमनला कळेना. इतकी वर्षं तो सरांना सलाम करत आला होता. सरांनीच बॅग टेबलावर ठेवली, डबा बाहेर काढला आणि स्वतः झाकण उघडून त्याच्या पुढे धरला. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी होती.

"नीट बघ," सर त्याला म्हणाले, "आणि थोडी खाऊन घे. आज चांगली झालीय."

मी माझा बंद डबा दोन्ही हातांत धरून तिथेच उभी होते. मागे रांग लागली होती, आणि मला आत जा असं कुणीतरी दोनदा सांगितलं.